हेन डोमन: लाकूड कुजून गेल्यावर उरलेला मेढेकोट

मॉन्टगोमेरी हे वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवरचं छोटं गाव. गावाच्या डोक्यावर खडकावर एका दगडी किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. येणारे लोक ते पाहून परततात. तिथून वायव्येला दीडेक किलोमीटरवर, चिकणमातीच्या एका लांबट उंचवट्यावर, झाडी वाढलेलं एक टेकाड उभं आहे. उंची सुमारे ८ मीटर, पायथ्याचा व्यास ४० मीटरांच्या आसपास. टेकाडाला चिकटून मातीच्या बांधांनी वेढलेलं आवार आणि त्याबाहेर दुहेरी खंदक. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत दिसत नाही, दरवाजा दिसत नाही, चिरेबंदी काहीच नाही. वेल्श भाषेत या जागेला हेन डोमन म्हणतात, म्हणजे जुनं टेकाड. मॉन्टगोमेरीचा मूळ किल्ला हाच.

अशा किल्ल्याला मॉट-अँड-बेली म्हणतात. मॉट म्हणजे माती रचून उभं केलेलं टेकाड. माथ्यावर लाकडी मनोरा आणि भोवती मेढ्यांचं कुंपण. बेली म्हणजे पायथ्याचं तटबंदीतलं आवार. राहणं, रांधणं, घोडे, धान्य, लोहारकाम सगळं तिथं. आपल्या किल्ल्यांच्या भाषेत मॉट हा बालेकिल्ला आणि बेली ही माची. सह्याद्रीत डोंगर आयता मिळाला, नॉर्मन लोकांना (फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून येऊन १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे) तो फावड्यानं रचावा लागला, एवढा फरक. मेढे रोवून केलेल्या कोटाला जुन्या मराठीत मेढेकोट म्हणत. तो शब्द इथं चपखल बसतो, म्हणून पुढे तोच वापरला आहे.

या जागेचं उत्खनन १९६० ते १९९२ अशी बत्तीस वर्षं, हंगामा-हंगामानं चाललं. फिलिप बार्कर यांनी ते सुरू केलं आणि पुढे रॉबर्ट हायम यांच्या जोडीनं तडीस नेलं. ब्रिटनमध्ये लाकडी किल्ल्यांविषयी आज जे बोललं जातं, त्यातला मोठा भाग याच एका जागेवरून आलेला आहे. जिथली प्रत्येक इमारत कुजून, जळून किंवा उपटून नाहीशी झाली, त्या जागेत इमारती सापडल्या कशा, हा या प्रकरणाचा विषय.

किल्ला कुणाचा, किती काळ

१०६६ च्या स्वारीनंतर विल्यम राजानं वेल्सच्या सीमेवर आपले भरवशाचे सरदार बसवले. त्यातला रॉजर द मॉन्टगोमेरी हा श्रूजबरीचा अर्ल झाला. नॉर्मंडीतल्या आपल्या गावाचं नाव त्यानं इथल्या किल्ल्याला दिलं. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (विल्यम राजानं करवलेली इंग्लंडमधल्या जमिनींची पाहणी) अर्लनं हा किल्ला बांधल्याची नोंद आहे, म्हणजे बांधकाम १०७० च्या दशकाची सुरुवात ते १०८६ यांच्या दरम्यानचं. जागा निवडताना डोळा सेव्हर्न नदीच्या उतारावर होता. जवळच नदी ओलांडण्याची जुनी वाट होती आणि वेल्समध्ये शिरणाऱ्या किंवा तिथून उतरणाऱ्या फौजेला ती टाळणं अवघड होतं.

१०९५ मध्ये वेल्श सैन्यानं किल्ला घेतला आणि शिबंदी कापून काढली. ११०२ मध्ये रॉजरचा मुलगा रॉबर्ट द बेलेम यानं पहिल्या हेन्रीविरुद्ध बंड केलं, ते फसलं आणि जहागीर जप्त झाली. मग किल्ला बॉल्डविन द बूलर्स याच्याकडे गेला. त्या घराण्याचा ठसा इतका राहिला की वेल्श लोक मॉन्टगोमेरीला आजही ट्रेवाल्डविन, बॉल्डविनचं गाव, असंच म्हणतात. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत नवा दगडी किल्ला खडकावर बांधायला घेतला. मॉन्टगोमेरी हे नाव त्याच्याकडे गेलं. जुना मेढेकोट मात्र लगेच ओस पडला नाही. नदीच्या उताराकडे नजर ठेवणारी चौकी म्हणून तो साधारण १३०० पर्यंत वापरात होता.

म्हणजे सव्वादोनशे वर्षं. 'लाकडी किल्ला म्हणजे घाईघाईत उभारलेली तात्पुरती सोय, हातात पैसा आला की दगडी बांधायचा' ही पाठ्यपुस्तकी समजूत हेन डोमनवर टिकत नाही. इथं पिढ्यान्‌पिढ्या लाकडानंच बांधलं, मोडलं, पुन्हा बांधलं.

टेकाड रचणं

खोदकामाकडे वळण्याआधी हा ढीग किती मोठा आहे, ते पाहू. पायथ्याला ४० मीटर, माथ्याला ७ मीटर आणि उंची ८ मीटर धरली तर छाटलेल्या शंकूच्या सूत्रानं साधारण ४,००० घनमीटर माती भरते. आजची मापं झिजलेल्या टेकाडाची आहेत. मूळ उतार जास्त उभा असणार. एक माणूस लाकडी फावडं आणि टोपली घेऊन चिकणमाती खणून वर वाहू लागला, तर दिवसाला दीड घनमीटर म्हणजे चांगलं काम झालं. त्या हिशेबानं २,७०० च्या आसपास मनुष्यदिवस लागतात. साठ माणसं लावली तर दीड महिना. यात बेलीचे बांध, बाहेरचे खंदक, लाकूडतोड आणि सुतारकाम धरलेलं नाही. या कामाला गवंडी, खाण, चुनाभट्टी काही लागत नाही. आसपासच्या गावातून वेठीला धरून आणलेली माणसं आणि मूठभर सुतार पुरतात. नॉर्मन लोकांना हा प्रकार सोयीचा वाटला तो यामुळे.

माती बाहेरून आणत नाहीत. टेकाडाभोवती खंदक खणायचा आणि निघालेली माती आत टाकायची, म्हणजे एका कष्टात दोन कामं. नुसती माती उपसून टाकली तर ती बसते, घसरते. त्यामुळे चिकणमाती, मुरूम, दगडगोटे असे थर आलटून पालटून टाकत आणि धुम्मस करत. फ्रान्समधल्या बायो गावच्या, १०६६ ची स्वारी चितारणाऱ्या प्रसिद्ध भरतकामात हेस्टिंग्जचं टेकाड रचतानाचा प्रसंग आहे, त्यात फावडी घेतलेले मजूर दिसतात आणि टेकाडाच्या अंगावर आडवे रंगीत पट्टे भरलेले आहेत. ते पट्टे थरांचे असावेत असं मानलं जातं, आणि अभ्यासकांना ते पटतं.

ताज्या भरावावर वजन टाकायचं नाही, हा इथला पहिला नियम. लाकडी मनोरा हलका, शिवाय त्याचे खांब खोल नेता येतात. हर्टफर्डशरमधल्या साउथ मिम्सला तर मनोऱ्याचा पाया मूळ जमिनीवर घेतला होता आणि टेकाड त्याच्याभोवती नंतर रचलं होतं. सरे परगण्यातल्या अ‍ॅबिंजरला ब्रायन होप-टेलर यांनी १९४९ मध्ये माथा उघडला तेव्हा मनोऱ्याच्या खांबांचे खळगे आणि कडेच्या मेढ्यांची रांग स्पष्ट मिळाली. नियम मोडला की काय होतं ते स्कॉटलंडमधल्या डफस किल्ल्यावर दिसतं. लाकडी मनोऱ्यासाठी रचलेल्या टेकाडावर चौदाव्या शतकात दगडी वाडा चढवला, आणि त्याचा एक कोपरा भिंतीसकट उतारावरून खाली सरकला. तो अजून तसाच कलंडलेला आहे.

लाकूड जातं, खळगा राहतो

जमिनीत रोवलेल्या खांबाचं आयुष्य पुरातत्त्वात एका ठोकताळ्यानं मोजतात: ओकच्या पक्क्या गाभ्याला दर ५ सेंटिमीटर जाडीमागे साधारण १५ वर्षं. २० सेंटिमीटरचा खांब फार तर ६० वर्षं टिकेल. कुजतो तो जमिनीच्या पातळीला, जिथं ओल आणि हवा दोन्ही असतात. खालचा बुंधा खोलवर बराच काळ शाबूत राहतो, वरचा भाग कोरडा राहतो, आणि मधल्या वीतभर पट्ट्यात खांब मोडतो. शेताच्या कुंपणाचा कुजलेला खुंट उपटून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

खांब रोवताना खड्डा खांबापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा लागतो, नाहीतर खांब ओळंब्यात आणता येत नाही. २५ सेंटिमीटरच्या खांबाला ६० ते ८० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा, खोली साधारण तेवढीच किंवा जास्त. खांब उभा करायचा, बाजूनं माती-दगड ठोकून बसवायचे. पुढे लाकूड कुजलं की त्याच्या जागी वरची काळी, सैल, कुजकट माती उतरते. आठशे-नऊशे वर्षांनी वरून पाहिलं तर एक मोठं फिकट वर्तुळ दिसतं, ती खड्ड्याची कड. आणि त्यात एक लहान काळपट वर्तुळ, ती खांबाची जागा. खांब कुजण्याऐवजी उपटून काढला असेल तर आतलं वर्तुळ एका बाजूला ओढल्यासारखं लंबुळकं होतं, कारण उपटताना खांब हलवून हलवून सैल करतात. जळला असेल तर कडेला कोळसा आणि भाजलेली लालसर माती. मेढेकोटाची इमारत म्हणून उत्खननकर्त्याच्या हाती एवढंच येतं: मातीतला रंगाचा आणि घट्टपणाचा फरक.

हेन डोमनची खरी अडचण खांबांपुढे सुरू होते. आरंभीच्या इमारती जमिनीत खांब रोवून केलेल्या होत्या. त्यांचे खळगे खोल आणि शोधायला सोपे. नंतरच्या सुतारांनी जमिनीवर आडवी तुळई टाकून त्यात खांब कुसवून पूर्ण चौकट उभी करायला सुरुवात केली. सुतारकाम सुधारलं, लाकूड जास्त टिकू लागलं, पण जमिनीत मागे काहीच उरलं नाही. आडवी तुळई उथळ चरात बसवली असेल तर बोटभर खोलीची एक पट्टी मिळते. नुसती जमिनीवर ठेवली असेल तर तेही नाही. अशा इमारतीचा पुरावा असतो तो तिच्या आजूबाजूला: घराबाहेर पसरलेले गोटे एका सरळ रेषेत येऊन थांबतात, आतली जमीन पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली असते आणि बाहेरची नसते, छपराच्या पागोळ्यांनी खाली एक बारीक नाली पडलेली असते. भिंती बहुतेक कुडाच्या: डहाळ्या विणून वर चिकणमातीचा लेप. लेप गळून पडला की आसपासच्या चिकणमातीत तो मिसळून जातो. गोट्यांची रेषा फावड्याच्या एका फटक्यात नाहीशी होते, आणि ती होती हेही कुणाला कळत नाही.

उघडं खोदकाम

ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकापर्यंत किल्ल्यांच्या जागी चर मारून पाहण्याची रीत होती. बेलीच्या आरपार दोन मीटर रुंदीचा चर घ्यायचा, थर पाहायचे, तारीख ठरवायची, चर बुजवायचा. दगडी भिंतीला हे चालतं, कारण भिंत चराला कुठंतरी आडवी येतेच. खांबांच्या इमारतीला चालत नाही. दर दोन मीटरवर एक खांब असेल तर दोन मीटरच्या चरात एक किंवा दोन खळगे येतात, आणि दोन खळग्यांवरून घर की कुंपण की गोठा, काहीही ठरत नाही.

दुसरी रीत मॉर्टिमर व्हीलर यांची चौकटींची. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला ती पाठ असते, कारण १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असताना व्हीलर यांनीच ती इथं रुजवली. चौरस खणायचे आणि दोन चौरसांमध्ये न खणलेली आडभिंत ठेवायची, म्हणजे थर डोळ्यांसमोर उभे राहतात. मातीच्या उंच, अनेक थरांच्या टेकाडांसाठी ही पद्धत उत्तम आहे. पण हिशेब करून पाहा. ५ मीटरच्या चौरसात १ मीटरची आडभिंत ठेवली, तर २५ पैकी १६ चौरस मीटर उघडतात आणि ३६ टक्के जागा झाकलेली राहते. सहा मीटर लांबीच्या घराचे बारा खळगे असतील तर त्यातले चार आडभिंतीखाली जाणार, आणि नेमके कोपऱ्याचे गेले तर घराचा आकारच जातो. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं घोड नदीकाठी ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणली, तिथंही घरं ओळखायची ती चुलीवरून, तुडवलेल्या जमिनीवरून आणि भोवतीच्या खळग्यांवरून. आणि शंभराहून अधिक घरं कळली ती विस्तृत जागा आडवी उघडल्यामुळे.

बार्कर यांनी हेन डोमनला आडभिंती ठेवल्याच नाहीत. बेलीचा उत्तरेकडचा भाग सलग उघडायचा आणि एकेक थर पूर्ण विस्तारात, एका पातळीत खाली घ्यायचा, ही त्यांची पद्धत. डेन्मार्कमध्ये जुनी खेडी अशीच खणली जात होती. ब्रिटनमध्ये किल्ल्याला ती इतक्या चिवटपणे लावणारे बार्कर पहिल्या फळीतले. थरांचे छेद लागतील तिथं तात्पुरते घ्यायचे, रेखाटायचे आणि काढून टाकायचे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. गवताचा थर हातानं, चपट्या फावड्यानं काढायचा. यंत्र लावलं तर वरचा, म्हणजे सगळ्यात शेवटच्या वस्तीचा थर जातो, आणि हेन डोमनवर तो गवताच्या मुळांच्या लगेच खाली आहे. मग माणसं एका ओळीत गुडघ्यावर बसतात आणि थापीनं खरवडत मागे सरकतात. मागे सरकायचं, पुढे नाही. साफ केलेल्या जागेवर गुडघा टेकला की ती जागा गेली. थापीची कड धारदार हवी, टोकानं उकरायचं नाही. गोटे हलवायचे नाहीत. वर आलेला प्रत्येक गोटा जागच्या जागी ठेवून नकाशात रेखाटायचा, कारण भिंत कुठं होती हे त्यांची रांग कुठं तुटते त्यावरूनच कळणार आहे. बार्कर आधी चित्रकला शिकवत असत, आणि या जागेचे दगड-दगड दाखवणारे नकाशे पाहिले की ती नजर कशी उपयोगी पडली ते कळतं.

ओल सांभाळणं हा या कामातला अर्धा भाग. चिकणमाती वाळली की सगळी एकाच करड्या रंगाची दिसते आणि तिला भेगा पडतात. भेगांचं जाळं खळग्यांवरून सरळ जातं, मग काही ओळखू येत नाही. म्हणून झारीनं किंवा फवाऱ्यानं पाणी मारून घ्यायचं, वर कापड किंवा प्लॅस्टिक घालायचं. खळग्यातली सैल माती ओल जास्त वेळ धरते. पाऊस पडून गेल्यावर तासाभरानं जमीन वाळू लागते तेव्हा खळगे काळे ठिपके होऊन उठून दिसतात. फोटो त्याच वेळी काढायचा, उंच मचाणावरून, तिरप्या उन्हात. भर दुपारचा फोटो कुचकामी.

खळगा सापडला की लगेच रिकामा करायचा नाही. आधी क्रमांक, मग नकाशात जागा आणि वरची पातळी. त्यानंतर मधोमध दोरी ताणून अर्धाच भाग खणायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची उभी बाजू समोर येते. तिच्यात खांबाची काळी पट्टी, बाजूला ठोकलेले दगड, तळाची पातळी हे सगळं मापून रेखाटायचं. मगच दुसरा अर्धा काढायचा. खळगा कोणत्या थरातून खणलेला आहे ही सगळ्यात महत्त्वाची नोंद. तीच चुकली तर १०८० चा खांब आणि ११८० चा खांब एका घरात जाऊन बसतात.

हातात काय आलं

बेलीच्या जवळपास अर्ध्या भागात एकापाठोपाठ एक पाच मुख्य टप्प्यांतल्या इमारती मिळाल्या. अर्ल रॉजरच्या काळातलं काम भक्कम: बांधावर जाड लाकडी तट, आणि टेकाडाकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी मोठ्या पायाची इमारत, बहुधा दुमजली, जिच्यातून पुढे पुलावर जाता येत असावं. टेकाड आणि बेली यांच्या मधल्या खंदकावर एकामागून एक पूल बांधले गेले. बॉल्डविनच्या घराण्याच्या काळात बेली दाटीवाटीची झाली. लहान लहान घरं एकमेकांना खेटून, मध्ये अरुंद बोळ, तटाला टेकून खोपटं. किल्ल्याच्या चित्रात नेहमी दिसणारं मोकळं पटांगण इथं नव्हतं. शिबंदीतला घोडेस्वार घोडा वळवायचा कुठं, असा प्रश्न पडावा इतकी गर्दी.

भांडीकुंडी, दागिने, नाणी यांच्या बाबतीत मात्र जागा फारच कोरडी निघाली. साधी भांडी, लोखंडाच्या किरकोळ वस्तू, फार काही नाही. लेखी नोंदी आणि तटबंदी बाजूला ठेवून नुसत्या वस्तू पाहिल्या, तर इथं सरदार राहत होता असं कुणी म्हणणार नाही. एखादं गरीब खेडं वाटेल. यातून सरळ 'ते हलाखीत राहत' असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. सीमेवरच्या सरदाराची मौल्यवान चीजवस्तू पेटाऱ्यात असते आणि त्याच्याबरोबर फिरते, चामडं-लाकूड-कापड मातीत टिकत नाही, आणि कचरा आवाराबाहेर फेकला जातो. तरीही ऐषारामाची खूण दिसत नाही, हे खरंच. राहणी खडतर होती एवढं म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात अनपेक्षित गोष्ट मिळाली ती किल्ल्याखाली. बांधाच्या आणि बेलीच्या तळाशी नांगरटीचे वरंबे-सऱ्या जशाच्या तशा दबून राहिलेल्या होत्या. किल्ल्याची माती १०७०-८० च्या दशकात वर पडली, म्हणजे खालची नांगरट त्याआधीची. ब्रिटनमधल्या अशा वरंब्यांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. डूम्सडे नोंदवही सांगते की नॉर्मन येण्याआधी हा मुलूख ओसाड, शिकारीचा होता. दोन्ही जुळतं: आधी शेती, मग सीमेवरच्या धामधुमीत रान, मग किल्ला. चर मारून तारीख शोधणाऱ्याला ही नांगरट बांधाच्या छेदात कदाचित दिसली असती. ती सलग शेत आहे हे त्याला कळलं नसतं.

कुठं चुकतं

लाकडी इमारती वाचताना सर्वांत मोठा धोका स्वतःच्या उत्साहाचा असतो. शंभर ठिपके कागदावर असले की त्यातले कोणतेही चार जोडून आयत तयार होतो. म्हणून खांब एकाच इमारतीचे मानण्याआधी चार गोष्टी जुळायला हव्यात: ते एकाच थरातून खणलेले आहेत का, त्यांची खोली सारखी आहे का, आत ठोकलेली माती एकाच जातीची आहे का, आणि समोरासमोरच्या रांगांत अंतर जमतं का. चारपैकी दोनच जुळत असतील तर नकाशात रेषा तुटक काढावी. हेन डोमनच्या अहवालांत अशा तुटक रेषा भरपूर आहेत, आणि त्यामुळेच ठळक रेषांवर विश्वास ठेवता येतो.

खोटे खळगे ही दुसरी अडचण. सशाचं बीळ, झाडाचं मूळ, कुजलेला बुंधा हे सगळं वरून वर्तुळच दिसतं. अर्धं कापल्यावर फरक कळतो: बीळ तिरकं जाऊन वळतं, मूळ खाली निमुळतं होत फाटे फोडतं, खांबाच्या खड्ड्याला तळ असतो. न कापता मोजलेले खळगे हिशेबात धरू नयेत.

खंदकाचा छेद वाचताना उलटी चूक होते. खंदकात वरची माती घसरून पडते, मग कुणी तो साफ करतं, मग पुन्हा भरतो. तळाशी मिळालेली वस्तू खंदक खणला त्या वर्षाची असते असं नाही. ती शेवटच्या सफाईनंतरची असते. तारखेसाठी खंदकापेक्षा बांधाखाली दबलेला थर जास्त भरवशाचा.

वेळ आणि खर्च हीही अडचणच. गोटा-गोटा रेखाटत सलग जागा उघडायची म्हटली की दरवर्षीच्या उन्हाळी हंगामात थोडीच जागा पुरी होते. म्हणून बत्तीस वर्षं लागली. नदीवर धरण येणार आहे किंवा रस्ता जाणार आहे अशा जागी हे जमणार नाही. तिथं निदान बेलीचा एक सलग तुकडा, १५ बाय १५ मीटरचा तरी, उघडावा; दहा चरांपेक्षा तो जास्त सांगतो. सगळी मेहनत टेकाडाच्या माथ्यावर घालवण्याचा मोह तर टाळावाच. माथा लहान, मनोरा एकच. माणसं राहत होती ती खाली.

आज जागेवर

हेन डोमन कायद्यानं संरक्षित आहे. अशा जागेचे शत्रू साधे असतात. ससे बांधात बिळं करतात आणि थर उलथेपालथे होतात. गुरं ओल्या उतारावर चढली की खुरांनी कड तुटते, पुढच्या पावसात तिथं घळ पडते. मेंढ्या हलक्या, त्या गवत आखूड ठेवतात आणि नुकसान कमी करतात. टेकाडावर वाढलेलं मोठं झाड वादळात उन्मळून पडलं तर मुळांबरोबर मीटरभर माती उचकटली जाते. म्हणून झाडं मुळासकट उपटत नाहीत. जमिनीलगत कापतात आणि बुंधा जागीच कुजू देतात.

पाहायला जाणाऱ्यानं हिवाळा निवडावा, पानं झडलेली असताना, सकाळी किंवा दिवस कलताना. बाहेरचा खंदक आधी चालून घ्यावा, मग बेलीत यावं, टेकाड शेवटी. बेलीत उभं राहिलं की गवताशिवाय काहीच दिसत नाही. पायाखालची अर्धी जागा खणून, नोंदवून पुन्हा बुजवलेली आहे. दक्षिणेकडची अर्धी मुद्दाम न खणता ठेवली आहे, गवताखाली, शेवटच्या वस्तीच्या गोट्यांसकट.